घसादुखी

घसादुखी म्हणजे घशाच्या आतील भागात जाणवणारी वेदना, खवखव, जळजळ किंवा कोरडेपणा. गिळताना ही वेदना सहसा वाढते. घसादुखी हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोगांत आढळणारे लक्षण आहे. बहुतेक वेळा तिचे कारण विषाणुसंसर्ग असते आणि ती सुमारे आठवडाभरात कोणत्याही विशेष औषधाविना बरी होते. थोड्या रुग्णांमध्ये मात्र ती ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूमुळे होते. अशा संसर्गावर वेळेत उपचार न झाल्यास काही मुलांमध्ये पुढे ऱ्हुमॅटिक ज्वर उद्भवतो व हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे विषाणुजन्य घसादुखीत प्रतिजैविके टाळणे आणि स्ट्रेप्टोकॉकसजन्य घसादुखीत ती पूर्ण मुदतीपर्यंत देणे, या दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे.

घशाची रचना आणि वेदनेचे कारण

नाक व तोंड यांच्या मागील पोकळीपासून अन्ननलिका आणि स्वरयंत्रापर्यंत पसरलेल्या स्नायुमय नळीला ग्रसनी म्हणतात. सामान्य व्यवहारात ‘घसा’ या शब्दाने ग्रसनी, मृदू टाळू, पडजीभ आणि दोन्ही बाजूंच्या गिलायू (टॉन्सिल) यांचा निर्देश होतो. टॉन्सिल लसीका ऊतींच्या बनलेल्या असून तोंड व नाकावाटे आत येणाऱ्या रोगजंतूंशी त्यांचा प्रथम संपर्क येतो.

रोगजंतूंचा शिरकाव झाला की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, श्लेष्मल त्वचा सुजते आणि लाल होते. शरीरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने वेदनावाहक चेतातंतूंना उद्दीपित करतात. गिळताना सुजलेल्या भागाचे स्नायू आकुंचन पावत असल्याने वेदना तीव्र होते. घशाला आणि कानाला संवेदना पुरविणाऱ्या काही चेता समान असल्यामुळे घशाचे दुखणे अनेकदा कानातही जाणवते.

सूज प्रामुख्याने ग्रसनीत असल्यास तिला ग्रसनीशोथ, टॉन्सिलमध्ये असल्यास टॉन्सिलशोथ आणि स्वरयंत्रात असल्यास स्वरयंत्रशोथ म्हणतात. स्वरयंत्रशोथात आवाज घोगरा होतो किंवा बसतो.

कारणे

विषाणू

प्रौढ आणि मुले या दोन्ही गटांत घसादुखीचे सर्वाधिक प्रमाण विषाणूंमुळे असते. सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, फ्लूचे विषाणू आणि कोविड-१९ चा विषाणू ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. नाक वाहणे, शिंका, खोकला, आवाज घोगरा होणे, डोळे लाल होणे ही लक्षणे सोबत असल्यास कारण विषाणुजन्य असण्याची शक्यता अधिक असते. लहान मुलांत कॉक्सॅकी विषाणूंमुळे टाळूवर व घशात छोटे फोड येतात.

एपस्टाइन-बार विषाणूमुळे होणाऱ्या ग्रंथिज्वरात (मोनोन्यूक्लिओसिस) घसा तीव्र दुखतो, मानेतील गाठी सुजतात आणि थकवा काही आठवडे टिकू शकतो. हा रोग किशोर व तरुणांमध्ये अधिक ठळकपणे दिसतो. टॉन्सिलवर पांढरा थर येत असल्यामुळे तो जिवाणुजन्य संसर्गासारखा भासतो. या रुग्णांना ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन दिल्यास अंगभर पुरळ उठण्याचा संभव असतो. या आजारात प्लीहा मोठी होऊ शकते. म्हणून बरे होईपर्यंत कबड्डी, कुस्ती यांसारखे अंगाला धक्का बसणारे खेळ वर्ज्य समजले जातात.

जिवाणू

जिवाणुजन्य कारणांत ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस सर्वांत महत्त्वाचा आहे. वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार घसादुखीसाठी डॉक्टरांकडे येणाऱ्या मुलांपैकी सुमारे २० ते ३० टक्के आणि प्रौढांपैकी सुमारे ५ ते १५ टक्के रुग्णांत तो कारणीभूत असतो. ५ ते १५ वर्षे या वयोगटात त्याचे प्रमाण सर्वाधिक असून ३ वर्षांखालील मुलांत ते कमी असते. संसर्ग खोकला, शिंक व लाळेच्या थेंबांतून पसरतो आणि साधारणपणे २ ते ५ दिवसांत लक्षणे दिसू लागतात.

घटसर्प (डिप्थीरिया) हा लसीकरणामुळे कमी झालेला, परंतु भारतातून पूर्णपणे नाहीसा न झालेला रोग आहे. यात टॉन्सिल व टाळूवर राखाडी रंगाचा चिवट पडदा तयार होतो. तो ओढल्यास रक्त येते. पडदा श्वासमार्गात पसरल्यास गुदमरण्याचा धोका असतो, तर जिवाणूचे विष हृदय व चेतासंस्थेस इजा करते.

संसर्गाव्यतिरिक्त कारणे

धूळ, धूर, कोरडी हवा, तंबाखूचे धूम्रपान, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणे, ॲलर्जी आणि आवाजाचा अतिवापर यांमुळेही घसा दुखतो. शिक्षक, गायक, कीर्तनकार आणि फेरीवाले यांच्यात आवाजाच्या ताणामुळे होणारी घसादुखी नेहमी आढळते. जठरातील आम्ल अन्ननलिकेतून वर आल्यास घशात जळजळ होते. ही जळजळ बहुधा सकाळी किंवा जेवणानंतर आडवे झाल्यावर वाढते आणि तिच्यासोबत वारंवार घसा खाकरावासा वाटतो.

लक्षणे आणि फरक

घशाच्या नुसत्या लालीवरून विषाणू व जिवाणू यांतील भेद करता येत नाही. टॉन्सिलवरील पांढरे ठिपकेही दोन्ही प्रकारांत आढळू शकतात. लक्षणांचा एकत्रित विचार केल्यास अंदाज अधिक अचूक होतो.

विषाणुसंसर्गाकडे निर्देश करणारी लक्षणे:
• खोकला, नाक वाहणे, शिंका
• घोगरा आवाज
• डोळ्यांची लाली, तोंडातील फोड
• हळूहळू सुरू होणारा त्रास

स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाकडे निर्देश करणारी लक्षणे:
• अचानक सुरू झालेली तीव्र घसादुखी व ताप
• खोकला व सर्दीचा अभाव
• टॉन्सिलवर सूज व पांढरट थर
• मानेच्या पुढील भागातील, दाबल्यास दुखणाऱ्या गाठी
• मुलांमध्ये डोकेदुखी, पोटदुखी व उलटी
• काही रुग्णांत अंगावर खरखरीत लाल पुरळ (लोहितांग ज्वर)

निदान

१९८१ साली रॉबर्ट सेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांसाठी चार निकषांची गुणपद्धती मांडली. ताप, टॉन्सिलवरील थर किंवा सूज, मानेतील दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव यांपैकी प्रत्येकास एक गुण दिला जातो. पुढे मॅकआयझॅक यांनी त्यात वयाचा निकष जोडला. त्यानुसार ३ ते १४ वर्षांच्या रुग्णाला एक गुण अधिक मिळतो आणि ४५ वर्षे व त्यावरील रुग्णाचा एक गुण कमी होतो. गुण शून्य किंवा एक असल्यास स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाची शक्यता कमी असते आणि सामान्यतः चाचणी किंवा प्रतिजैविकाची गरज भासत नाही. गुण अधिक असले तरी निदान निश्चित होत नाही. केवळ शक्यता वाढते.

निश्चित निदानासाठी घशातील स्रावाचा नमुना कापसाच्या बोळ्याने घेऊन त्याचे संवर्धन केले जाते. त्याचा निष्कर्ष मिळण्यास साधारण एक ते दोन दिवस लागतात. जलद प्रतिजन चाचणीचा निष्कर्ष काही मिनिटांत मिळतो. ही चाचणी होकारार्थी आल्यास बरीच विश्वासार्ह असते. मात्र ती नकारार्थी आल्यास मुलांमध्ये संवर्धन चाचणी करून खात्री केली जाते.

रक्तातील ‘एएसओ’ चाचणी घसादुखीचे तत्कालीन कारण शोधण्यासाठी उपयोगी नाही. ही चाचणी स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे संसर्गानंतर काही आठवड्यांनी कमाल पातळी गाठतात व पुढे काही महिने वाढलेली राहू शकतात. म्हणून ती अलीकडच्या काळात होऊन गेलेल्या संसर्गाचा पुरावा देते. ऱ्हुमॅटिक ज्वराच्या निदानात तिचा उपयोग होतो. परंतु केवळ ‘एएसओ’ वाढल्याचे पाहून घसादुखीवर प्रतिजैविक देणे योग्य ठरत नाही.

घरगुती काळजी

तीव्र घसादुखीच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के तीन दिवसांत आणि ८० टक्क्यांहून अधिक एका आठवड्यात प्रतिजैविकाविना बरे होतात. या काळात वेदना कमी करणे आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे हे उपचाराचे उद्दिष्ट असते.

• पाणी, पेज, सूप, ताक, पातळ खिचडी असे गिळण्यास सोपे पदार्थ घ्यावेत. कोमट किंवा थंड यांपैकी रुग्णाला जे सुखावह वाटेल ते चालते.
• पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ विरघळवून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. गुळणी करून थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना हा उपाय करू नये.
• वेदना व तापासाठी पॅरासिटामॉल उपयुक्त असते. मुलांमध्ये त्याची मात्रा वयापेक्षा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोग्रॅममागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. सर्दी-तापाच्या अनेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा घेतली जाण्याचा धोका असतो.
• आयबुप्रोफेननेही वेदना कमी होते. परंतु डेंग्यूची शक्यता असताना, विशेषतः पावसाळ्यात व त्यानंतरच्या काळात, तापाचे कारण स्पष्ट होईपर्यंत आयबुप्रोफेन व ॲस्पिरिन टाळावे, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.
• १६ वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ॲस्पिरिन देऊ नये. विषाणुसंसर्गात दिल्यास यकृत व मेंदूला इजा करणारा ‘राय’ विकार क्वचित उद्भवतो.
• मधामुळे घशाला आराम मिळतो व खोकला कमी होतो. एक वर्षाखालील बालकांना मात्र मध देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.
• अगदी लहान मुलांना चघळण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्या श्वासनलिकेत अडकण्याची भीती असते.
• उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घेताना भांडे कलंडून मुले गंभीर भाजल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मुलांमध्ये ही पद्धत टाळावी.

महाराष्ट्रातील घरांत हळद घातलेले दूध, आले-तुळशीचा काढा, ज्येष्ठमधाची कांडी चघळणे, लवंग व खडीसाखर हे उपाय रूढ आहेत. उबदार द्रवाने घशाला तात्पुरता आराम मिळतो. शस्त्रक्रियेपूर्वी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास भूल देताना घातलेल्या नळीमुळे होणारी घसादुखी कमी होते, असे काही चाचण्यांत आढळले आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास मात्र रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. यांपैकी कोणताही उपाय स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गात प्रतिजैविकाची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिजैविके

प्रतिजैविकांचा विषाणूंवर परिणाम होत नाही. सर्व प्रकारच्या घसादुखीचा एकत्रित विचार करता प्रतिजैविकांमुळे आजाराचा कालावधी सरासरीने सुमारे एका दिवसाहूनही कमी काळाने घटतो. त्याबदल्यात जुलाब, पुरळ, ॲलर्जी हे दुष्परिणाम आणि जिवाणूंमध्ये निर्माण होणारी औषधरोधकता यांचा धोका पत्करावा लागतो. भारतात प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच१’ या परिशिष्टानुसार काही निवडक प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक आहे. तरीही औषधाच्या दुकानातून थेट प्रतिजैविक घेण्याची किंवा मागील आजारातील उरलेल्या गोळ्या वापरण्याची सवय आढळते.

स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाचे निदान झाल्यास पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. तोंडाने घ्यावयाचा उपचार १० दिवसांचा असतो. त्याऐवजी बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शनही देता येते. अनेक दशकांच्या वापरानंतरही ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस पेनिसिलिनला दाद देतो. याउलट ॲझिथ्रोमायसिनसारख्या औषधांना रोधक असलेले प्रकार आढळले आहेत. त्यामुळे ही औषधे मुख्यतः पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णांसाठी राखून ठेवली जातात.

दोन-तीन दिवसांत घसा बरा वाटू लागल्यावर गोळ्या बंद करणे ही नेहमी घडणारी चूक आहे. वेदना थांबली तरी जिवाणू घशात शिल्लक राहू शकतात. १० दिवसांच्या उपचाराचा मुख्य हेतू हे जिवाणू घशातून नाहीसे करून हृदयाचे रक्षण करणे हा असतो. योग्य प्रतिजैविक सुरू केल्यानंतर साधारण २४ तासांनी रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता बरीच कमी होते. ताप उतरला असल्यास त्यानंतर मुलाला शाळेत पाठविता येते.

गुंतागुंत

ऱ्हुमॅटिक ज्वर आणि हृदयविकार

स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी काही मुलांत ऱ्हुमॅटिक ज्वर उद्भवतो. जिवाणूविरुद्ध जागृत झालेली रोगप्रतिकारक यंत्रणा जिवाणूच्या काही घटकांशी साम्य असलेल्या स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करते. गुडघे, घोटे, कोपर अशा मोठ्या सांध्यांत एकामागून एक सूज येते, ताप येतो आणि हृदयालाही दाह होतो. काही मुलांत हातापायांच्या अनैच्छिक हालचाली होतात. १९४४ साली डकेट जोन्स यांनी या रोगाच्या निदानाचे निकष मांडले. त्यांची सुधारित आवृत्ती आजही वापरली जाते.

सांध्यांची सूज कायमचे व्यंग न ठेवता ओसरते. हृदयाच्या झडपांची इजा मात्र टिकून राहू शकते. डाव्या बाजूची द्विदल झडप सर्वाधिक बाधित होते. प्रत्येक नव्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाबरोबर रोग उलटण्याची आणि झडप अधिक खराब होण्याची भीती असते. कित्येक रुग्णांना मूळ घसादुखी आठवतही नाही. धाप लागणे, छातीत धडधडणे ही लक्षणे काही वर्षांनी दिसतात. गरोदरपणात हृदयावर ताण वाढल्यावर काही स्त्रियांमध्ये हा विकार प्रथमच लक्षात येतो.

एकदा ऱ्हुमॅटिक ज्वर होऊन गेलेल्या रुग्णाला दर तीन ते चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. हृदयाला इजा झाली नसेल तर ही मुदत किमान पाच वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यांपैकी जी नंतर संपेल ती असते. झडपेचा विकार कायम राहिल्यास ती अधिक लांबते, काही वेळा आयुष्यभराची होते.

इतर गुंतागुंत

टॉन्सिलभोवती पू साचून गळू होऊ शकते. अशा वेळी एका बाजूस तीव्र वेदना होते, तोंड उघडणे कठीण जाते आणि आवाज तोंडात घास असल्यासारखा येतो. पू काढून टाकणे हा त्यावरील मुख्य उपचार होय. संसर्ग कान व नाकाभोवतीच्या पोकळ्यांत पसरू शकतो. स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर एक ते तीन आठवड्यांनी मूत्रपिंडांचा दाह होऊन चेहऱ्यावर सूज येणे, लघवी कमी व तांबूस-काळसर होणे ही लक्षणे दिसू शकतात.

तातडीने वैद्यकीय मदत घेण्याची लक्षणे

• श्वास घेण्यास त्रास होणे किंवा श्वास घेताना घरघर आवाज येणे
• लाळही गिळता न येणे, तोंडातून लाळ गळणे
• तोंड उघडता न येणे, मान आखडणे किंवा मानेची एक बाजू सुजणे
• घशात राखाडी पडदा दिसणे
• लघवी फार कमी होणे, सुस्ती, पाणी पिण्यास नकार
• घसादुखीनंतर काही आठवड्यांत सांधे सुजणे, धाप लागणे किंवा लघवीचा रंग बदलणे

स्वरयंत्राच्या तोंडावरील झाकणासारख्या भागाला अचानक सूज आल्यास श्वासमार्ग काही तासांत बंद होऊ शकतो. असा रुग्ण पुढे झुकून बसतो व त्याच्या तोंडातून लाळ गळते. अशा मुलाचा घसा घरी चमच्याने दाबून पाहण्याचा प्रयत्न करू नये व त्याला आडवे झोपवू नये. बसलेल्या स्थितीतच रुग्णालयात न्यावे.

मधुमेह असलेल्या, कर्करोगावर उपचार घेणाऱ्या किंवा रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींनी घसादुखी व ताप आल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

दीर्घकाळ टिकणारी घसादुखी

तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी घसादुखी साध्या संसर्गाची मानली जात नाही. त्यासोबत बदललेला आवाज, गिळताना अडथळा, एकाच कानात दुखणे, मानेत न दुखणारी गाठ किंवा वजन घटणे ही लक्षणे असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते. तंबाखू, गुटखा, मिश्री, विडी व मद्य यांमुळे तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्याच्या उत्पादन व विक्रीवर बंदी घातली.

वारंवार होणाऱ्या टॉन्सिलशोथात शस्त्रक्रियेचा विचार करण्यासाठी सामान्यतः पुढील निकष वापरले जातात: एका वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा नोंद झालेली तीव्र घसादुखी.

प्रतिबंध

साबणाने हात धुणे, खोकताना तोंड झाकणे, पेले व चमचे वेगळे ठेवणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे यांमुळे संसर्गाचा प्रसार कमी होतो. स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध वापरात असलेली लस नाही. घटसर्पाविरुद्ध मात्र परिणामकारक लस आहे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात ती ६, १० व १४ आठवडे या वयात, १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ वर्षे या वयात आणि नंतर १० व १६ व्या वर्षी दिली जाते. शाळकरी वयातील मात्रा चुकल्यास प्रतिकारशक्ती घटून मोठ्या मुलांनाही घटसर्प होऊ शकतो.

इतिहास

सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी १७ कंठाचे आहेत. त्यांतील ‘रोहिणी’ या श्वास कोंडणाऱ्या विकाराचे वर्णन आधुनिक अभ्यासक घटसर्पाशी जुळवितात. १८७४ साली थिओडोर बिलरोथ यांनी माळेसारख्या जुळलेल्या गोलाकार जिवाणूंना स्ट्रेप्टोकॉकस हे नाव दिले. १९३३ साली रिबेका लान्सफिल्ड यांनी त्यांचे गट पाडले. ‘अ’ गट हे नाव त्या वर्गीकरणातून आले. घटसर्पावरील प्रतिविषाच्या कार्यासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ साली वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील वॉरन हवाईतळावर चार्ल्स रॅमेलकँप, फ्लॉइड डेनी आणि लुईस वॅनामेकर यांनी जवानांमधील स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाचा अभ्यास केला. घसादुखीवर पेनिसिलिन दिल्यास ऱ्हुमॅटिक ज्वर टळतो, हे त्यांनी १९५० साली दाखवून दिले. लक्षणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांपर्यंत उपचार सुरू केला तरी हा लाभ मिळतो. त्यामुळे चाचणीच्या निष्कर्षासाठी एक-दोन दिवस थांबणे सुरक्षित मानले जाते.

भारतातील स्थिती

औद्योगिक देशांत राहणीमान, घरांची व्यवस्था व उपचारांची उपलब्धता सुधारल्यावर ऱ्हुमॅटिक ज्वर दुर्मीळ झाला. जगात आजही चार कोटींहून अधिक लोक ऱ्हुमॅटिक हृदयविकारासह जगतात आणि त्यांतील मोठा वाटा भारतातील आहे. लहान खोल्यांत अनेकांनी दाटीवाटीने राहणे, दूरवरचे दवाखाने व अर्धवट सोडलेले उपचार ही त्यामागील प्रमुख कारणे आहेत. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने या रोगाच्या प्रतिबंधासाठी ठराव संमत केला. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया खर्चिक असते आणि कृत्रिम धातूची झडप बसविल्यास रक्त गोठू न देणारी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. त्या तुलनेत शाळकरी मुलाची सर्दी-खोकल्याविना आलेली, ताप असलेली घसादुखी डॉक्टरांना दाखवून पेनिसिलिनचा उपचार पूर्ण करणे हा अत्यंत स्वस्त व परिणामकारक प्रतिबंध होय.